वाचनालयाला पंखा कुठला: साधा की बीएलडीसी?

आमच्या ग्रामपंचायतीतल्या एक ताई या प्रश्नावर अडल्यात. कोटेशनमध्ये साधा पंखा 1500 ला, बीएलडीसी (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा, कमी वीज खाणारा पंखा) 3000 ला. कमी दराचं मंजूर करायची सवय, पण बिल पुढची दहा वर्षं गावच भरणार आहे.

साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी 30. रोज दहा तास, वर्षाला 300 दिवस, युनिट 8 रुपये धरा. साध्याची वर्षाची वीज 1800 रुपयांची, बीएलडीसीची 720. दहा वर्षांत किंमत धरून साधा 19,500 ला पडतो, बीएलडीसी 10,200 ला. मधे एकदा हजाराचं सर्किट बदललं तरी बराच स्वस्त.

दुरुस्तीत मात्र साधा सरस. कंडेन्सर गेला तर गावातला वायरमन स्टुलावर चढून तासाभरात बसवतो. बीएलडीसीचं सर्किट मागवावं लागतं. रिमोटही हरवतो, आणि जुना रेग्युलेटर बहुधा काढावा लागतो. व्होल्टेज पडलं की साधा मंदावतो, बीएलडीसी बहुधा तसाच फिरतो.

दिवसभर माणसं बसतात त्या वाचनालयाला, कार्यालयाला बीएलडीसीच घ्या, वॉरंटी लेखी घेऊन. महिन्यातून दोनदा उघडणाऱ्या सभागृहाला साधा पुरे.