भाडं थकलंय: समजूत, नोटीस की सक्षम प्राधिकारी?

"मालक, गड्ड्याची जत्रा होऊ द्या, सगळा हिशोब पुरा करतो." गड्डा उठला, होळी पेटली, हिशोब तिथंच. जुळे सोलापुरात वरच्या दोन खोल्या महिना ६,००० रुपयांनी दिलेल्या आणि त्यावरच घरचं औषधपाणी चाललेलं. चार महिने थकले की वाटा तीनच. त्यातली कोणती धरायची, हे कपाटातला कागद ठरवतो.

दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असेल आणि त्याची मुदत संपली असेल, तर दुसरीकडे बघूच नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागायची असते. नाही मागितली, तर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील, त्याची भरपाई दुप्पट दरानं, म्हणजे महिना १२,०००. मात्र हे राहत्या घरापुरतं. खालचा दुकानाचा गाळा यात बसत नाही.

भाडेकरार असेल तर कलम १५. आधी थकबाकीची लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, मग दिवाणी दावा. इथं एक मेख आहे. दाव्याचं समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत त्यानं सगळी बाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली, खर्च दिला आणि पुढचं भाडं भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून तो निघत नाही. म्हणजे पैसा वसूल होईल, खोली मोकळी होईलच असं नाही. आणि थकलेलं भाडं मागायची मुदत तीन वर्षांची.

नुसता नोटरी केलेला स्टॅम्पपेपर असेल, तर प्रकरण तुमच्याच अंगावर यायची शक्यता. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. अशांनी समजुतीनंच घ्यावं.

फ्यूज काढून खिशात घालणारे आणि नळ बंद करणारे मालकही पाहिलेत. कलम २९ नुसार तो गुन्हा आहे. आपण फिर्यादीचे आरोपी होतो.

माझ्याकडे नोटरीच होती. बाकी २४,०००, डिपॉझिट २०,०००. वरचे चार हजार सोडले आणि सामान न्यायला टेम्पोचे दीड हजार मीच दिले. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण "ताबा दिला, देणंघेणं संपलं" असं दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतलं, मीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि किल्ली हातात पडल्यावरच टेम्पोवाल्याला पैसे दिले. पुढच्या पाण्याच्या पाळीला नवी बिऱ्हाडकरीण वरची टाकी भरत होती. तिचा करार मात्र आधी नोंदवला, मग किल्ली दिली.