‘केस कापावी लागत नाही’ म्हणून बीटल गाडीच्या गळ्यात मारलेले ‘जाड’ सिलेंडर

दारव्ह्याकडच्या एका फोक्सवॅगन बीटल गाडीचं १६०० सीसी इंजिन पूर्ण उघडलं होतं. विक्रेत्याने त्यासाठी ८८ मिमी बोअरचा, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या व्यासाचा, पिस्टन-सिलेंडर सेट दिला. ‘हेवी माल आहे, मूळपेक्षा जाड, केस कापावी लागत नाही, सरळ बसतो’ (केस म्हणजे क्रँककेस, सिलेंडर ज्यात बसतात ते इंजिनचं कवच) असं सांगून पैसे आगाऊ घेतले, बिलावर लिहिलं नुसतं ‘पिस्टन-सिलेंडर सेट’. मे महिन्यात यवतमाळच्या दोन फेऱ्या झाल्या आणि गाडी निळा धूर सोडू लागली, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल फेकू लागली. हेड (सिलेंडरवरचं झाकण) उतरवून मापलं तर चारपैकी तीन बोअर लंबगोल झालेले.

विक्रेत्याचं बोलणंच खोटं होतं, आणि ते साध्या वजाबाकीत पकडता येतं. मूळ सिलेंडरचा बोअर ८५.५ मिमी, आणि त्याचा खालचा भाग केसमधल्या सुमारे ९० मिमीच्या भोकात बसतो. म्हणजे तिथे भिंत सव्वादोन मिमी. भोक तेच ठेवून बोअर ८७ केला तर उरते दीड मिमी, ८८ केला तर जेमतेम एक. केसला हात न लावता बोअरही मोठा आणि भिंतही जाड, असं होणारच नाही!

या इंजिनात सिलेंडरभोवती पाणी नाही. चारही सुटे, लांब स्टडने हेड आणि केसमध्ये दाबून धरलेले. पातळ भिंत तापली की वाकते, पिस्टनची रिंग बोअरला धरत नाही, पेटलेला वायू खाली उतरून ऑइल तापवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तिथे असा सेट तगत नाही.

खरोखर मजबुती हवी असेल तर ९०.५ मिमीचा सेट घ्या. केस आणि दोन्ही हेड कापावेच लागतात, इंजिन १७७६ सीसीचं होतं. ९२ मध्ये मात्र दोन प्रकार मिळतात: ९०.५ च्या सेटसाठी कापलेल्या भोकात बसणारा पातळ, ९४ च्या सेटसाठी कापलेल्या भोकात बसणारा जाड. कोणत्या भोकाचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. केस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे, तिचा बारीक कीस पेट घेतो, म्हणून ट्रॅक्टरचे स्लीव्ह बसवणाऱ्याकडे ती टाकू नका. ताकद वाढवायची नसेल तर चांगल्या प्रतीचे ८५.५ च बसवा.

सेट हातात आल्यावर, बसवण्याआधी, व्हर्नियरने खालच्या कडेची भिंत मापा. पिस्टन आणि बोअरमधली फट ०.०४ ते ०.०६ मिमी, वरच्या रिंगचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) ०.३० ते ०.४५ मिमी, फिलर गेजने चारही ठिकाणी. ‘बसवलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर इथेही मिळालं, आणि बिलावर ना बोअर होता ना बाहेरचा व्यास, त्यामुळे ग्राहक आयोगात दाखवायला काही उरलं नाही. ही दोन्ही मापं बिलावर लिहून घ्या, लिहीत नसेल तर दुकान बदला.