अ‍ॅम्पमधून रेडिओ वाजतोय? रिपेअरवाल्याकडे जाण्याआधी हे वाचा

गेल्या गणपतीच्या तोंडावर माझ्या गिटारच्या अ‍ॅम्पमधून एक बाई बोलायला लागली. मी इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, नोकरी अंबडला, त्यामुळे सराव रात्री नऊनंतरच. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणारं बटण, वाढवला की आधी खरखर, मग गाणं, मग सराफ बाजारातल्या कुठल्याशा दुकानाची घडणावळीवरची सूट. आईनं आतून विचारलं, "कोण आलंय रे?" दोन दिवस आम्ही हसलो. पण आठवड्यावर मंडळाचा कार्यक्रम होता.

मेनरोडच्या मागच्या बोळात एक रिपेअरवाला असल्याचं कळलं. त्यानं अ‍ॅम्प आपल्या टेबलावर लावला, स्वतःची हातभर केबल जोडली. रेडिओ काही वाजला नाही. तरी निदान तयार: "दादा, इनपुटचा आयसी गेलाय. ट्रान्सफॉर्मरपण लीक मारतोय." मी तिथंच अ‍ॅम्प उचलून निघायला हवं होतं. जो बिघाड त्याला ऐकूच आला नाही, त्याचं कारण त्याला दोन मिनिटांत सापडलं! पण कार्यक्रम डोक्यावर, आणि तो बोलत होता ठामपणे. दोन्ही बदलायचे 3,200 रुपये दिले.

अ‍ॅम्प घरी आला, रात्री बाई हजर. फोन केला तर म्हणतो, "रेडिओ लागतोय म्हणजे अ‍ॅम्प ओके आहे, दादा. आता फक्त फिल्टर टाकावा लागेल." फिल्टर म्हणजे काळा प्लास्टिकचा डबा, दोन्ही बाजूंना जॅक, वर पांढऱ्या मार्करनं 'आरएफ', म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सी. हाताला चांगला जड लागायचा. 1,500 रुपये. "उघडू नका, वॉरंटी जाईल." फरक शून्य.

मग तो घरी आला आणि त्यानं सगळ्यात वाईट काम केलं. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, पकडीनं कापून टाकली. "अर्थिंगमधूनच घाण येते." घरघर खरंच थोडी कमी झाली, म्हणून मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तालमीत हात तारांवर ठेवून माइकजवळ गेलो आणि ओठाला असा झटका बसला की दात आपटले. गिटारच्या तारा ब्रिजमधून अ‍ॅम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. अर्थिंग काढलं की चासीवर आलेला करंट जमिनीत जायला वाट शोधतो, आणि माइक अर्थ केलेला असेल तर ती वाट तुमच्या अंगातून जाते. घरघर घालवायला कुणी ती पिन कापायला निघाला, तर त्याच्या हातातली पकड काढून घ्या.

शेवटी सोसायटीतल्या एका काकांना वर बोलावलं. ते आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांनी पेचकस हातातही घेतला नाही. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणायला लावला. बाई बोलतच होती. मग मधली, आवाज बदलणारी पेडल एकेक करून काढली. तरी बोलत होती. मग अ‍ॅम्पच्या जॅकमधून केबल उपसली. चिडीचूप. केबल निघाली की जॅकमधली पत्ती इनपुट शॉर्ट करते. तेवढ्यानं आवाज थांबला म्हणजे तो बाहेरून, केबलवाटे येतोय. काकांनी केबलच्या प्लगची टोपी फिरवून काढली. आत शील्डची, म्हणजे मधल्या वायरीभोवतीची, जाळी झाळणीतून सुटून हिरवट पडलेली, नुसती टेकलेली. "ही बघ तुझी अँटेना," काका म्हणाले. वीस फुटांची केबल एरियलसारखं काम करते, आणि असा गंजलेला सैल सांधा डायोडसारखा, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या पार्टसारखा, वागून रेडिओच्या लहरीतला आवाज वेगळा काढू शकतो. एरवी तेच काम अ‍ॅम्पचा पहिला टप्पा करतो. गिटारला हमबकर, म्हणजे घरघर कमी करणारा दोन कॉइलांचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), असूनही रेडिओ कसा, हे कोडंही सुटलं: हमबकर पिकअपमधली घरघर मारतो, केबलमध्ये शिरलेल्या लहरीचं त्याला काही करता येत नाही.

जाळी घासून पुन्हा झाळली, अ‍ॅम्पच्या टोकाशी केबलवर रेडिओच्या लहरी अडवणारी फेराइटची क्लिप लावली, आणि प्लग आधी नवीन बसवला. बाई गेली.

मग अ‍ॅम्पची पाठ उघडली. 'बदललेल्या' ट्रान्सफॉर्मरवर धुळीचा जुना थर जसाच्या तसा, स्क्रूवरचा कंपनीचा लाल रंगही न तुटलेला. काळा डबा हातोडीनं फोडला. एका जॅकपासून दुसऱ्या जॅकपर्यंत साध्या दोन वायरी, आणि शेजारी एम-सीलमध्ये चिकटवलेला फरशीचा तुकडा. वजनासाठी.

पक्कं बिल मी मागितलं नव्हतं, काढलेला जुना पार्टही नाही. दोन्ही मागितले असते तर ट्रान्सफॉर्मरचं नाटक दुकानातच संपलं असतं. आहेत त्या यूपीआयच्या दोन नोंदी आणि डब्याचे फोटो. त्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. फरशीच्या तुकड्याचा फोटो त्या रिपेअरवाल्यालाही पाठवला. निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर नाही.