लेन्स पुसायची की पिकअप बदलायचा?

मराठवाड्यात उन्हाळ्यातला फुफाटा डीव्हीडी प्लेयरमध्येही शिरतो आणि ‘नो डिस्क’ येतं. दुकानदार लगेच पिकअप (लेन्स आणि लेसर असलेला भाग) बदला म्हणतो. थांबा.

दोन्ही कामांत आधी प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. मल्टिमीटरने शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. झाकण उघडं ठेवून चालवलं तर लेन्सकडे पाहू नका, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेसर जवळपास दिसतच नाही.

खर्च: पुसायला कापसाची काडी आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. थिनर नको, लेन्स बहुधा प्लास्टिकची असते. काडी हलकेच फिरवा. दाबलं तर लेन्सच्या बारीक तारा वाकतात. पिकअप महाग पडतो, तोही हुबेहूब त्याच मॉडेलचा लागतो.

मेहनत: नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून संरक्षणासाठी बहुधा सोल्डरचा ठिपका असतो. रिबन (चपटी केबल) जोडल्यावरच तो काढा, नाहीतर लेसर सोडणारा डायोड जातो. काढायला विसरलात तर डिस्क वाचलीच जात नाही.

सगळ्याच डिस्क अडखळत असतील तर पुसा. सीडी चालते, डीव्हीडी नाही, आणि पुसूनही फरक नाही? मग डीव्हीडी वाचणारा ६५० नॅनोमीटरचा डायोड थकला असण्याची शक्यता जास्त, पिकअप बदला.