उदयपूरहून आणलेला कुंभकर्ण

उदयपूरला जगदीश मंदिराच्या आसपास लघुचित्रांची दुकानं पायलीला पन्नास. बहुतेकांत तेच हत्ती, उंट, मोर. मला रामायणातलं चित्र हवं होतं, तेही मेवाडी पद्धतीचं. एका चिंचोळ्या दुकानात ते मिळालं : सतराव्या शतकातल्या मेवाडी चित्रकार साहिबदीनच्या कुंभकर्णाची हाताने काढलेली नक्कल, साडेचार हजार रुपयांना. पैसे पुरेपूर वसूल झाले.

मेवाडचे राणा जगतसिंह यांनी १६४९ ते १६५३ या काळात रामायणाची जी सचित्र पोथी करवून घेतली, तिचं युद्धकांड साहिबदीनने रंगवलं. स्वतः मुसलमान, पण वाल्मीकींची कथा त्याने काय आत्मसात केली होती! पोथीची बरीचशी पानं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात.

या शैलीत एकाच पानावर कथा पुढे सरकते. माझ्या चित्रात रावण हुकूम सोडतो आहे, खाली कुंभकर्ण गाढ झोपलाय, कानाशी ढोल-नगारे चाललेत, अन्नाचे ढीग रचलेत. आणि बाजूलाच तोच कुंभकर्ण जागा होऊन बसलाय. घाईच्या नकलांत एकच कुंभकर्ण ठेवतात, मग त्या पानावर काही घडतच नाही. इथे चित्रकाराने दोन्ही ठेवले, शिवाय प्रत्येक राक्षसाचा चेहरा वेगळा काढला. खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेल्या मिशा भिंगातून बघाव्यात अशा आहेत.

कागद वसलीचा, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेला, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटलेला. उजेडात तिरका धरला की गुळगुळीतपणा कळतो. रंगांबद्दल दुकानदार सरळ बोलले : सोनं खरं वर्खाचं, बाकी पोस्टर कलर. हिंगूळ-हरताळ अशा खनिज रंगांचं चित्र हवं असेल तर ते सांगून करून घ्यावं लागतं आणि किंमत बरीच वाढते. पोस्टर कलरमुळे लाल पार्श्वभूमी जरा सपाट वाटते, एवढीच माझी तक्रार.

जुन्या स्टॅम्पपेपरवरची चित्रंही या गल्ल्यांत खूप दिसतात. कागद जुना असतो, चित्र नवंच. पुरातन म्हणून जास्त पैसे मोजू नका.

चित्र मात्र बिनफ्रेमचं घ्या. तयार फ्रेमच्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, लाल हाशिया (चित्राची किनार) झाकला जातो, आणि मेवाडी पानाला तो हवाच. मी पुण्यात आम्लविरहित माउंट लावून, काच चित्राला टेकणार नाही अशी फ्रेम करून घेतली.