कादंबरी स्वतः छापली, ७ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि पान ४७)

परवा एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. कादंबरी आवडली म्हणाले, आणि मग, "पण ताई, तोरण्यावरून दर्या कुठून दिसला हो?" पान ४७ उघडलं. 'खालच्या दर्या धुक्यात बुडाल्या होत्या.' मी दऱ्या लिहिलं होतं! मग बघत गेले तर दुसर्या, बिचार्या, पायर्या, अख्ख्या १९२ पानांत एक ऱ्या धड नाही.

मी युनिकोडमध्ये टाइप करून दिलं होतं, डीटीपीवाल्यांनी (म्हणजे छपाईसाठी पानं लावणाऱ्यांनी) ते त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट केलं आणि त्यात सगळे ऱ्या गेले. प्रूफ मीच वाचलं, मजकूर पाठ असल्यामुळे डोळ्यांना दिसलंच नाही. प्रूफरीडरचे ६ हजार वाचवले होते, तेच आता रात्रंदिवस टोचतायत.

प्रकाशकाकडे हस्तलिखित ९ महिने पडून होतं, हो नाही की नाही नाही, म्हणून चिडून स्वतः छापलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या सरकारी साइटवर फुकट मिळतो, छपाईच्या पॅकेजमध्ये कुणी त्याचे पैसे लावले तर देऊ नका. डेमी साइज, १२ फॉर्म (१६ पानांचा एक), ३०० प्रती, सगळं धरून ४६,५०० रुपये. कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते, तीही पाठवली, म्हणजे तिथेही दर्याच गेला, याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या महिन्यापर्यंत मी भेटेल त्याला सांगत होते की स्वतःच छापा. आता तसं नाही सांगणार. प्रत पडली १५५ ला, किंमत ३००, पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तक विक्रेत्याला ५० टक्के, हातात १५०, म्हणजे दुकानातल्या प्रत्येक प्रतीमागे ५ रुपये पदरचे. घरून विकल्या त्यांवरच काय ते सुटले. १३० गेल्या, १७० दिवाणात आहेत.

प्रकाशक लेखकाला देतात ती १० टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे ३० रुपये, तेव्हा अपमान वाटला होता. पण मैत्रिणीची कादंबरी तशी आली, त्यातले ऱ्या मी मुद्दाम तपासले, सगळे जागेवर. तिच्या करारात मात्र ईबुक, ऑडिओ सगळे हक्क दिलेत आणि मुदतच लिहिलेली नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ५ वर्षं धरतात, तिला हे माहीतच नव्हतं. सही करण्याआधी तेवढं बघाच.

पुढची कुठून काढायची ते ठरत नाहीये, पण प्रूफरीडरचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवलेत.

सध्या रोज रात्री २० प्रती घेऊन बसते. पान ४७, व्हाइटनरने रफार घालवायचा, सुकू द्यायचं, मग य च्या आधी काळ्या पेनने ती छोटी वाकडी रेघ. ६० झाल्या. तुमच्याकडे माझी प्रत असेल तर पाठवा, दुरुस्त करून परत देते, दोन्ही वेळचं कुरियर माझ्याकडे.