दीडशे मुलांच्या वर्गात स्लायडो: दोन सत्रांनंतर

प्रथम वर्ष बीएस्सीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात आमच्याकडे दीडशेच्या आसपास मुलं बसतात. "समजलं का?" विचारलं की पहिल्या दोन बाकांवरून "हो सर" येतं आणि बाकीचे माना डोलावतात. त्या माना खऱ्या किती, हे थेट पेपर तपासतानाच कळायचं. म्हणून स्लायडो वापरायला घेतलं; मुलांनी फोनवरून मत द्यायचं आणि प्रश्न विचारायचं हे ऑनलाइन साधन.

वापरायला सोपं आहे. मुलांना काही डाउनलोड करावं लागत नाही; पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि नाव न देता मत द्यायचं. फुकटच्या प्लॅनमध्ये १०० जण आणि तीन पोल एवढीच मुभा असते. दीडशे मुलं त्यात बसत नाहीत, म्हणून दोघांत एक फोन ठरवला. त्याचा फायदाच झाला. बटण दाबायच्या आधी दोघांचं एकमत व्हावं लागतं, त्यामुळे वाद आपोआप सुरू होतो.

एक प्रश्न सांगतो. भरधाव ट्रकने उभ्या रिक्षाला धडक दिली. कोणाचं बल कोणावर जास्त? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलांनीही ट्रकच्या बाजूने कौल दिला. निकाल मी पडद्यावर दाखवला नाही. "मागच्या बाकाला पटवा," एवढंच म्हटलं. मग जो गोंगाट झाला! शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले. कोणीतरी ओरडलं, "बल सारखं, तर रिक्षाच का चेपते?" दुसऱ्यानेच उत्तर दिलं, "अरे, तिचं वस्तुमान कमी, त्वरण जास्त." पुन्हा मतदान घेतलं आणि कौल फिरला.

ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास ती भौतिकशास्त्राच्या वर्गात सुरू केली, तेव्हा हे स्मार्टफोन नव्हतेच. त्यांचा ठोकताळा मला फार उपयोगी पडला: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी आली तर सरळ परत शिकवायचं, जास्त आली तर पुढे जायचं.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र प्रश्न विचारण्याचा. मराठी माध्यमातून आलेली मुलं वर्गात हात वर करत नाहीत, इंग्रजी चुकेल म्हणून. इथे ती रोमन लिपीतल्या मराठीत बिनधास्त लिहितात. "सर, टॉर्कला दिशा कशी काय असते?" या प्रश्नाला इतक्यांनी पाठिंबा दिला की तो यादीत सर्वात वर गेला आणि त्या दिवशीचं लेक्चर तिथेच संपलं. पोर्शन मागे पडतो, हे खरंच. विभागप्रमुखांना ते समजावणं वेगळं प्रकरण!

कटकटीही आहेत. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रेंज नाही, वाय-फायचं विचारू नका. कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की कॅन्टीनमधूनही मतं येतात, त्यामुळे हजेरी किंवा गुण याला जोडायच्या फंदात पडू नका. आणि घरी बसून चांगला प्रश्न रचायला वेळ जातो, कारण चुकीचा पर्यायही पटण्यासारखा लागतो. त्यात कुठलंही ॲप मदत करत नाही.

गुणांची शर्यत लावणारे, मागे संगीत वाजवणारे क्विझही करून पाहिले. मुलं खूश होतात, पण घाईत विचार राहून जातो. सत्राच्या शेवटी उजळणीला ठीक. प्रॅक्टिकलच्या बॅचला मात्र मी यातलं काहीच वापरत नाही. वीस मुलांना तोंडी विचारलेलं बरं.